संगणकाला ऐकू का येत नाही?

आमच्या कुटुंबाचा एक परिपाठ आहे. २०२० साली टाळेबंदीमुळे जो तो आपापल्या घरी अडकून पडला, तेव्हापासून दर एकादशीला रात्री आठ वाजता सारे आप्तजन पडद्यावर एकत्र जमतात. पेडणे तालुक्यातील एका खेड्यात राहणारी माझी आत्या, बडोद्याला स्थायिक झालेली तिची कन्या, बेळगावचे काका, इंदूरचा मावसभाऊ आणि डिचोलीहून मी, असा हा मेळावा. कुशल विचारून झाले की आत्या जात्यावरच्या दोन-चार ओव्या म्हणते आणि त्यानंतर सभा विसर्जित होते. आत्येने वयाची ऐंशी वर्षे ओलांडली आहेत. तिच्या आईकडून आणि सासूकडून आलेल्या शेकडो ओव्या तिला मुखोद्गत आहेत. त्यांतील फारच थोड्या कागदावर उतरल्या आहेत.

पहिली काही वर्षे हा सारा व्यवहार मोबाइल फोनवर चाले. पुढे आत्येची दृष्टी मंदावली. फोनच्या तळहाताएवढ्या पडद्यावर कोणता चेहरा कोणाचा, हे तिला उमगेना. पावसाळ्यात कौलांवर सरी कोसळू लागल्या की तिचा आवाज त्या गोंगाटात बुडून जाई. म्हणून ताईने बडोद्याहून एक हेडसेट धाडला. कानांवर ऐकण्याच्या वाट्या आणि ओठांपाशी मायक्रोफोन, असे ते साधन. नातू नोकरीसाठी पुण्याला गेल्यापासून त्याचा टेबलावरचा संगणक माजघरात झाकूनच ठेवलेला होता. फोन बाजूला ठेवून मोठ्या पडद्यावर सर्वांना पाहावे, असे ठरले. हेडसेट आधी फोनला लावून पाहिला, तेव्हा तो उत्तम चालला.

२०२४ सालच्या आषाढी एकादशीला आत्या संगणकासमोर बसली. आम्हाला तिचा चेहरा दिसू लागला. तिलाही आम्ही दिसत होतो आणि आमचे बोलणे तिला स्पष्ट ऐकू येत होते. तिचे ओठ हलत होते. आम्हापर्यंत मात्र एक अक्षरही पोहोचत नव्हते. पडद्यावर अक्षरे उमटली होती : मायक्रोफोन सापडला नाही. ताईने बडोद्याहून मोठ्याने सांगितले, "आई, आवाज येत नाही गं!" आत्येने दोन-तीनदा प्रयत्न केला. मग तिने हेडसेट काढून टेबलावर ठेवला. वहिनीने फोन लावून दिला तेव्हा तिचे पहिले वाक्य होते, "अरे, माझाच आवाज गेला असेल. आता वय झाले."

पुढच्या एकादशीला आत्या बसलीच नाही. "तुम्ही बोला, मी ऐकते," असा निरोप तिने धाडला. दोष होता यंत्राच्या जोडणीत आणि तो तिने घेतला स्वतःवर. घरोघरच्या वडीलधाऱ्यांचे असेच होते. यंत्र अडले की तरुण माणूस यंत्राला दोष देतो, म्हातारे माणूस स्वतःला देते आणि मुकाट्याने बाजूला सरते. म्हणूनच ह्या क्षुल्लक वाटणाऱ्या बिघाडाविषयी चार गोष्टी सविस्तर लिहिण्याचे मनात आले.

आवाजाची वाट

प्रथम मायक्रोफोन काय करतो ते पाहू. बोलताना हवेत लहरी उठतात. मायक्रोफोनमधील एक अतिशय पातळ पडदा त्या लहरींनी कंप पावतो आणि त्या कंपनांचे रूपांतर विजेच्या सूक्ष्म स्पंदनांत होते. आजच्या बहुतेक साध्या हेडसेटमध्ये जो मायक्रोफोन असतो, त्याला इलेक्ट्रेट म्हणतात. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेस्लर ह्या दोघांनी १९६२ साली तो सिद्ध केला. विद्युत्भार कायम धरून ठेवणारे पातळ पटल हे त्याचे मर्म. तो स्वस्त, लहान आणि टिकाऊ असतो. मात्र त्याच्या पोटातील छोट्या वर्धकाला काही व्होल्ट वीज बाहेरून पुरवावी लागते. ही वीज संगणक त्याच तारेतून देतो. तेव्हा तार योग्य ठिकाणी जोडलेली नसेल, तर मायक्रोफोनचा आवाज तर पोहोचत नाहीच, शिवाय तो स्वतः उपाशीही राहतो.

आत्येच्या ओठांपासून बडोद्यापर्यंत आवाजाला सहा वेशी ओलांडाव्या लागतात. पहिली मायक्रोफोनची, दुसरी तारेची आणि तिच्यावरील बटणाची, तिसरी पिनेची व ती जेथे बसते त्या भोकाची, चौथी संगणकाच्या ध्वनियंत्रणेची, पाचवी परवानगीची आणि सहावी ज्या कार्यक्रमातून आपण बोलतो त्याची. ह्यांपैकी एक जरी वेस बंद असली, तरी पलीकडे शांतता. गंमत अशी, की कोणतीही वेस बंद असो, पलीकडून लक्षण एकच दिसते. म्हणून अंदाजाने इकडे तिकडे बोटे चालविण्यात अर्थ नसतो. ओठांपासून आरंभ करून एकेक वेस क्रमाने तपासावी, हाच खरा मार्ग.

पिनेवरची वर्तुळे

त्यानंतरच्या रविवारी कोलवाळचा पूल ओलांडून मी पेडण्याला गेलो. हेडसेट पुन्हा फोनला लावून पाहिला. फोनवर आवाज पोहोचत होता. ह्या एकाच चाचणीने पहिल्या दोन वेशी निर्दोष ठरल्या. कित्येक हेडसेटच्या तारेवर आवाज बंद करण्याचे बारीक बटण असते आणि ते चुकून सरकलेले असते. तेही पाहून घेतले. आता शोध पिनेपासून पुढे करावयाचा होता.

पिनेकडे नीट पाहिले की तिच्यावर काळी वर्तुळे दिसतात. दोन वर्तुळे असतील तर पिनेचे तीन भाग होतात, तीन असतील तर चार. तीन भागांच्या पिनेतून एकच काम होते : ती एक तर दोन्ही कानांना आवाज देते किंवा मायक्रोफोनचा आवाज आत नेते. चार भागांची पिन मात्र दोन्ही कामे करते. टोकाचा भाग डाव्या कानाचा, दुसरा उजव्या कानाचा, आणि उरलेल्या दोहोंपैकी एक मायक्रोफोनचा व एक सामाईक परतीचा. मोबाइल फोनसाठी बनविलेले हेडसेट ह्या दुसऱ्या जातीचे असतात. (जुन्या काही फोनांत शेवटच्या दोन भागांची अदलाबदल असे, त्यामुळे एका फोनचा हेडसेट दुसऱ्या फोनला मुका वाटे.)

टेबलावरच्या संगणकाची रचना वेगळी. तेथे बहुधा ऐकण्यासाठी हिरवे आणि बोलण्यासाठी गुलाबी अशी दोन स्वतंत्र भोके असतात. मायक्रोसॉफ्ट आणि इंटेल ह्या कंपन्यांनी गेल्या शतकाच्या अखेरीस जे आराखडे प्रसिद्ध केले, त्यांतून ही रंगांची पद्धत रूढ झाली. आत्येकडील पिन चार भागांची होती आणि ती हिरव्या भोकात बसविलेली होती. त्यामुळे कान जुळले, तोंड जुळले नाही. तिला आमचे सारे ऐकू येत होते ते ह्यामुळेच. गुलाबी भोक रिकामे असल्यामुळे संगणकाच्या दृष्टीने त्या घरात मायक्रोफोनच नव्हता. कॅमेराही जुना, केवळ चित्र दाखविणारा. म्हणजे 'मायक्रोफोन सापडला नाही' हे वाक्य अक्षरशः खरे होते. आत्येच्या गळ्याचा त्याच्याशी काडीइतका संबंध नव्हता.

तीच पिन उचलून गुलाबी भोकात बसविली तरी काम होत नाही. त्या भोकातील टोके तीन भागांच्या पिनेसाठी आखलेली असतात. ह्यावर उपाय एक. एका बाजूला चार भागांच्या पिनेसाठी भोक आणि दुसऱ्या बाजूला हिरवी व गुलाबी अशा दोन पिना असलेली वीतभर तार बाजारात मिळते. दुकानदारास पिन दाखवून 'हेडसेटसाठी हवी' असे स्पष्ट सांगावे. कारण दोघांनी एकाच वेळी गाणे ऐकण्यासाठी असलेली अशीच दिसणारी दुसरी तार असते, तिचा येथे उपयोग नाही. मी डिचोलीच्या बाजारातून ती तार घेऊनच गेलो होतो.

मांडीवर घेण्याच्या संगणकाची, म्हणजे लॅपटॉपची, गोष्ट निराळी. त्यावर बहुधा एकच भोक असते आणि शेजारी हेडसेटचे चिन्ह असते. तेथे चार भागांची पिन सरळ चालते. उलट दोन पिनांचा हेडसेट असेल तर तेथे जोडणारी तार उलटी लागते. यूएसबीची चपटी पिन असलेल्या हेडसेटला ही कसलीच अडचण नाही, कारण त्याची ध्वनियंत्रणा त्याच्याच पोटात असते. वडीलधाऱ्यांसाठी नवा हेडसेट घ्यावयाचा झाल्यास तोच घ्यावा, असे मी सुचवीन.

आमची खारी हवा

जोडणी झाली, पण संगणक तसाच मौन. आता तिसऱ्या वेशीचा दुसरा भाग, म्हणजे भोक. पिन पुरती आत गेली की भोकातील एक बारीक कळ दाबली जाते अथवा संगणक तेथील विद्युत्प्रवाहावरून ओळखतो, की काहीतरी जोडले गेले आहे. पिन केसभर जरी बाहेर राहिली, किंवा आत धूळ, कापसाचे तंतू वा गंज असला, तरी ही ओळख पटत नाही.

गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. मोरजी, मांद्रे, हरमल, केरी ह्या पेडण्याच्या किनारपट्टीवर त्यात समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याची भर. डिचोलीकडे खाणींची तांबडी धूळ. पितळेच्या भांड्यावर चार दिवसांत हिरवट कळा चढते, तीच गत ह्या नाजूक टोकांची. पावसाळाभर झाकून ठेवलेल्या संगणकाच्या पुढील बाजूची भोके तर हमखास दगा देतात. कधी ती गंजलेली असतात, कधी त्यांपासून आतल्या मुख्य फळीपर्यंत जाणारी तार मुळात जोडलेलीच नसते. मी दोन्ही पिना पुढून काढून संगणकाच्या पाठीमागील हिरव्या व गुलाबी भोकांत बसविल्या. तत्क्षणी पडद्याच्या कोपऱ्यात सूचना उमटली : मायक्रोफोन जोडला गेला.

पिन स्वच्छ करावयाची तर दवाखान्यात वापरतात ते स्पिरिट कापसाला लावून हलक्या हाताने पुसावी आणि पुरती वाळू द्यावी. भोकात सुई, टाचणी वा आगकाडी घालू नये. आतली टोके वाकली की दुरुस्ती खर्चाची होते. औषधांच्या बाटलीत वा नव्या पादत्राणांच्या खोक्यात ओल शोषणारी जी छोटी पुडी मिळते, ती फेकून न देता हेडसेटबरोबर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. पावसाळ्यात संगणक आठवड्यातून एकदा तासभर चालू ठेवावा. त्याच्या उबेने आतला दमटपणा निघून जातो.

यंत्राच्या आतल्या वेशी

चौथी वेस संगणकाच्या आत आहे. विंडोजमध्ये सेटिंग्ज, त्यात सिस्टिम आणि त्यात साउंड असे गेले, की इनपुट ह्या शब्दाखाली मायक्रोफोनांची यादी दिसते. एकाहून अधिक नावे असतील तर आपल्या हेडसेटचे नाव निवडावे. बोलताना शेजारची पट्टी हालली, तर आवाज येथवर पोहोचला असे समजावे. नाव यादीत असून पट्टी हालत नसेल, तर आवाजाची पातळी शून्यावर आहे काय, हे पाहावे. नावच नसेल, तर ते कोणी बंद करून ठेवले असण्याचा संभव असतो. ध्वनीच्या जुन्या नियंत्रण-खिडकीत रेकॉर्डिंग ह्या पानावर उजवी कळ दाबून बंद केलेली साधने दाखविण्यास सांगावे आणि ते पुन्हा चालू करावे. तरीही न दिसल्यास डिव्हाइस मॅनेजरमध्ये ध्वनीच्या साधनाचे नाव काढून टाकून संगणक पुन्हा सुरू करावा. बहुधा तो आपला दुभाषी, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, स्वतःच परत बसवितो.

बिनतारी, म्हणजे ब्लूटूथच्या, हेडसेटचा एक वेगळा स्वभाव आहे. तो दोन वेषांत वावरतो. एका वेषात संगीत सुंदर ऐकवितो, पण मायक्रोफोन बंद ठेवतो; दुसऱ्या वेषात मायक्रोफोन चालू करतो, पण ऐकण्याचा दर्जा पुष्कळदा खालावतो. यादीत एकाच हेडसेटची दोन नावे दिसली तर गोंधळू नये; बोलण्यासाठी हँड्स-फ्री असे म्हटलेले नाव निवडावे.

आत्येच्या संगणकावर पट्टी हालली. विंडोजमध्ये मुळातच असलेला रेकॉर्डर उघडून मी तिला म्हटले, "आत्ये, काहीतरी म्हण बघू." ती म्हणाली, "काय म्हणू? चहा घेतोस?" आणि तोच प्रश्न यंत्रातून परत आला, तेव्हा ती लहान मुलीसारखी हसली. काम फत्ते झाले असे मानून मी चहा घेतला आणि डिचोलीची वाट धरली. येथे माझी चूक झाली. सहापैकी चार वेशी मी तपासल्या होत्या. उरलेल्या दोहोंकडे मी पाहिलेच नाही.

आत्येचे 'नाही'

श्रावणातली पुत्रदा एकादशी आली. आत्या नटूनथटून बसली आणि पुन्हा तेच : चेहरा दिसतो, आवाज नाही. ह्या वेळी मात्र संगणकाला मायक्रोफोन सापडलेला होता. मी फोनवर वहिनीला विचारले, "सुरुवातीला पडद्यावर काही प्रश्न आला होता का?" मागून आत्येचाच आवाज आला, "आला होता. मायक्रोफोन वापरू का, असे काहीसे विचारीत होता. मी नाही म्हटले."

आणि तिने नाही का म्हणू नये? दूरध्वनीवरून अनोळखी माणसे बँकेचे नाव सांगून म्हाताऱ्या माणसांना लुबाडतात, म्हणून यंत्राने काहीही विचारले तर नाही म्हणावयाचे, हे आम्हीच तिला शंभरदा बजावले होते. तिने आमची शिकवण तंतोतंत पाळली. ज्या पानावर आमची सभा भरते, ते पान मायक्रोफोन वापरण्यापूर्वी घरधन्याची परवानगी विचारते, ही गोष्ट सांगावयाची राहिली ती आमच्याकडून.

ही पाचवी वेस. तिला दोन दारे आहेत. एक संगणकाचे : विंडोजच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी ह्या भागात मायक्रोफोनचे कलम असते, तेथे मायक्रोफोनचा वापर करू द्यावा की नाही हे ठरते. दुसरे ब्राउझरचे : पत्त्याच्या ओळीच्या डाव्या टोकाला जे लहान चिन्ह असते, त्यावर बोट ठेवले की त्या पानाला कॅमेरा व मायक्रोफोन दिला आहे की नाही, हे दिसते. एकदा नाकारले की ते पान सहसा पुन्हा विचारीत नाही, हे विशेष ध्यानात ठेवावे. वहिनीने ते चिन्ह उघडून मायक्रोफोनसमोरची परवानगी चालू केली आणि पान नव्याने उघडले. सहावी वेस राहिली होती, ती म्हणजे सभेच्या कार्यक्रमातील निवड. तेथेही हेडसेटचेच नाव असल्याची खात्री करून घेतली.

क्षणभर सारे स्तब्ध. मग आत्येचा आवाज आला, "आता येतो का रे?"

बडोद्याची ताई काही बोलू शकली नाही. तिने नुसती मान हालविली. बेळगावचे काका, जे आत्येचे धाकटे बंधू, म्हणाले, "अक्का, तुझा आवाज आहे तसाच आहे."

जपून ठेवण्याजोगे

गोव्याच्या मातीतला आवाज किती दूर जाऊ शकतो, ह्याचे एक उदाहरण सर्वश्रुत आहे. फोंडा तालुक्यातील केरी गावी जन्मलेल्या सूरश्री केसरबाई केरकर ह्यांचे भैरवीतले गायन १९७७ साली व्हॉयेजर यानांवरील सुवर्णतबकडीत समाविष्ट झाले. २०१२ साली व्हॉयेजर-१ सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर गेले आणि तो स्वर आंतरतारकीय अवकाशात पोहोचला. आमच्या आत्येचा स्वर मात्र एका पिनेपायी माजघरातच अडून बसला होता.

जात्यावरच्या ओव्यांचा ठेवा केवढा मोठा आहे, हे पुण्याचे हेमा राईरकर आणि गी प्वात्व्हँ ह्या अभ्यासकांच्या कार्यावरून कळते. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील खेडोपाडी फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पण प्रत्येक घरच्या ओव्यांत त्या घरची माणसे, त्या गावचे दैवत, सासर-माहेरच्या वाटा असतात. त्या बाहेरच्या संशोधकाच्या हाती लागतीलच असे नाही. त्या घरच्यांनीच टिपून ठेवावयाच्या. महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या आपल्या नातवंडांना तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा आवाज हीच पुष्कळदा मराठीची पहिली आणि सर्वांत गोड शाळा असते.

त्या रात्री आत्येने अकरा ओव्या म्हटल्या. बडोद्याच्या नातीने त्या मुद्रित करून घेतल्या आणि अडलेले शब्द आजीला विचारून वहीत लिहिले. तेव्हापासून दर एकादशीचा हा क्रम झाला आहे. माजघरातील संगणकाच्या बाजूस वहिनीने एक कागद चिकटविला आहे. त्यावर मोठ्या अक्षरांत आत्येसाठी लिहिले आहे : हिरवी पिन हिरव्यात, गुलाबी गुलाबीत, दोन्ही मागच्या बाजूला, एकादशीच्या सभेने विचारले तर हो म्हणावे, इतर कोणीही विचारले तर नाही.

वाचकांनी आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांसाठी असा एक कागद अवश्य करावा. आणि पुढच्या वेळी पडद्यावर कोणाचे ओठ नुसतेच हालताना दिसले, तर 'तुमचा आवाज येत नाही' एवढेच ओरडून थांबू नये. 'जोडणीत काहीतरी राहिले आहे, आपण पाहू,' असे म्हणावे.